लंडनची घरं वाढत गेली, बंबाचे पैसे अर्ध्या पेनीवर अडकले : कॅप्टन शॉची गोष्ट

२५ नोव्हेंबर १८८२ ची रात्र. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडगोळीच्या ‘आयोलँथी’ या नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग चालू होता. विजेच्या दिव्यांनी उजळलेलं थिएटर म्हणून सॅव्हॉय तेव्हा भलतंच चर्चेत होतं, त्यामुळे गावातली सगळी बडी मंडळी हजर होती.

नाटकात पऱ्यांची राणी एका माणसाच्या प्रेमात पडते. ही प्रेमाची आग विझवायची कशी, असा तिला प्रश्न पडतो आणि मग गाण्यातून ती एका खऱ्याखुऱ्या माणसाला नाव घेऊन साकडं घालते. गंमत म्हणजे तो माणूस त्या रात्री प्रेक्षकांतच बसला होता.

त्याचं नाव कॅप्टन एअर मॅसी शॉ. लंडनच्या फायर ब्रिगेडचा प्रमुख.

फायर ब्रिगेडचा प्रमुख एवढा फेमस असू शकतो, हे आज आपल्याला पटणार नाही. पण शॉ होता. रुबाबदार चेहरा, टोकदार दाढी, मोठ्या लोकांत ऊठबस. खुद्द युवराज, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेला गडी, त्याचा दोस्त होता. युवराजाला आगी बघायचा इतका नाद होता की चेअरिंग क्रॉसजवळच्या फायर स्टेशनात त्याच्यासाठी बंबवाल्याचा वेगळा पोशाख टांगून ठेवलेला असायचा. मोठी आग लागली की युवराज हजर.

पण या हिरोची निम्मी लढाई आगीशी नव्हतीच, ती हिशेबाच्या वहीशी होती. शहर चारी बाजूंनी वाढतंय, रोज नवी घरं उभी राहतायत आणि तिथं बंब वेळेत पोहोचवायचा तर पैसे कुणी द्यायचे? शॉची ३० वर्षं या एका प्रश्नात गेली.

ही गोष्ट समजून घ्यायला आधी २१ वर्षं मागे जावं लागतं.

भिंत कोसळली आणि विमा कंपन्यांनी हात वर केले

लंडनमध्ये १६६६ साली मोठी आग लागली होती, हे आपण ऐकलेलं असतं. त्यानंतर शहानं होऊन लंडनने सरकारी फायर ब्रिगेड उभारली असेल, असं कुणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. पुढची जवळपास २०० वर्षं आग विझवायचं काम मुख्यतः विमा कंपन्यांकडे होतं.

कारण सरळ होतं. घराचा, गोदामाचा विमा उतरवलाय, ते जळालं तर भरपाई द्यावी लागणार, मग आपणच बंब ठेवलेला स्वस्त पडतो. प्रत्येक कंपनीची आपापली टोळी होती. सोबतीला प्रत्येक चर्चच्या हद्दीतला, म्हणजे पॅरिशचा, एक बंब कायद्याने ठेवलेला असायचा. तो बऱ्याचदा गंजलेला. आगीच्या जागी पहिल्या पोहोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० असं बक्षीसही कायद्यात होतं. वेळेत पोहोचणं महत्त्वाचं आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण त्याचा इलाज म्हणून शर्यत लावून दिली होती.

१८३३ साली दहा विमा कंपन्यांनी आपल्या टोळ्या एकत्र केल्या आणि ८० पगारी माणसांचं एक दल उभं केलं. त्याचा प्रमुख म्हणून एडिंबरोहून जेम्स ब्रेडवुडला आणलं. ब्रेडवुड हा या धंद्यातला पहिला खरा अभ्यासक. लांबून पाणी मारत बसू नका, आत शिरा आणि आगीच्या मुळाशी पाणी घाला, हे त्याने शिकवलं. पण त्याच्या दलाची स्टेशनं होती कुठे? जिथे विम्याचा माल होता तिथे. म्हणजे शहराच्या मध्यात, बाजारपेठेत, थेम्स नदीकाठच्या गोदामांच्या आसपास. लांबच्या उपनगरात कुणी कारकून चार खोल्यांच्या घरात राहतो, त्याच्यासाठी स्टेशन ठेवण्यात कंपन्यांना काही फायदा नव्हता.

२२ जून १८६१ ला टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. ताग, कापूस, साखर, चरबी असा सगळा पेट घेणारा माल. एकूण विझायला दोन आठवडे लागले. नुकसान २० लाख पाउंडांच्या आसपास. पहिल्याच संध्याकाळी आपल्या माणसांची विचारपूस करत फिरणाऱ्या ब्रेडवुडवर गोदामाची भिंत कोसळली आणि तो जागीच गेला. त्याच्या अंत्ययात्रेला अख्खं लंडन लोटलं होतं.

विमा कंपन्यांनी दोन गोष्टी केल्या. विम्याचे दर वाढवले आणि सरकारला कळवून टाकलं की शहर वाचवण्याचा भार आता आम्हाला झेपणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

ब्रेडवुडच्या जागी ज्याला आणलं तो शॉ. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला. घरच्यांनी त्याला धर्मगुरू करायचं ठरवलं होतं, पण गडी अमेरिकेला निघून गेला. परत येऊन त्याने राखीव पलटणीत नोकरी केली, तिथून कॅप्टन ही पदवी चिकटली ती कायमची. मग १८६० साली बेलफास्टला पोलीस आणि फायर ब्रिगेड अशा दोन्हींचा प्रमुख झाला. लंडनला आला तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती.

पाउंडामागे अर्धी पेनी

पुढची तीन-चार वर्षं सरकार, विमा कंपन्या आणि लंडनचं मेट्रोपॉलिटन बोर्ड यांच्यात हे लोढणं कुणाच्या गळ्यात पडणार यावर घासाघीस चालली. हे बोर्ड म्हणजे साधारण आपल्या महानगर प्राधिकरणासारखं प्रकरण. त्याचं मुख्य काम गटारं आणि रस्ते. फायर ब्रिगेड पोलिसांकडे द्यावी, असाही प्रस्ताव होता. शेवटी १८६५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६६ पासून ‘मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड’ बोर्डाकडे आली. प्रमुख अर्थातच शॉ.

आता त्याच्या हद्दीत शहराचा फक्त मध्य नव्हता. ११७ चौरस मैल, म्हणजे सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं लंडन होतं आणि त्यात जवळपास ३० लाख माणसं. विमा कंपन्यांकडून वारशात मिळाली ती वीसपेक्षा कमी स्टेशनं आणि दीडशेच्या आत माणसं.

आणि पैसे? इथे खरी मेख आहे.

कायद्याने तीन नळ जोडून दिले. सरकार वर्षाला १०,००० पाउंड देणार. विमा कंपन्या, त्यांनी उतरवलेल्या दर १० लाख पाउंडांच्या विम्यामागे ३५ पाउंड देणार. आणि उरलेलं लंडनकरांच्या घरपट्टीतून. पण घरपट्टीतून किती घ्यायचे यावर कायद्यातच झाकण बसवलं होतं : घराच्या करपात्र मूल्याच्या दर पाउंडामागे अर्धी पेनी. त्याहून एक दमडी जास्त नाही.

तेव्हा एका पाउंडात २४० पेनी असायच्या. म्हणजे अर्धी पेनी हा ४८०वा भाग. २० पाउंड मूल्याचं घर असलेल्या माणसाने फायर ब्रिगेडसाठी वर्षाला द्यायचे फक्त १० पेनी. हे सगळं मिळून सुरुवातीला वर्षाला ५०,००० पाउंडांच्या आसपास जमायचे. त्यात माणसं, घोडे, बंब, स्टेशनची जागा, बांधकाम सगळं बसवायचं.

शहर वाढलं की करपात्र मूल्य वाढतं, म्हणजे अर्ध्या पेनीतून येणारे पैसेही वाढतात. कागदावर हिशेब बरोबर दिसतो. पण घरपट्टी येते ती घर बांधून झाल्यावर, माणूस राहायला आल्यावर. स्टेशनसाठी जमीन मात्र घरं व्हायच्या आधी घेतली तरच स्वस्तात मिळते. एकदा घरं उभी राहिली की भाव चढतो. शिवाय नवी वस्ती शहराच्या कडेला, कमी भाड्याच्या घरांची. तिचं करपात्र मूल्य कमी आणि पसारा मोठा. थोडक्यात, नव्या वस्तीतून पैसा उशिरा आणि थोडा यायचा, आणि तिला स्टेशन लवकर आणि जास्त लागायचं.

नवी वस्ती म्हणजे किती नवी? बॅटरसीचं उदाहरण घ्या. थेम्सच्या दक्षिणेचा हा भाग म्हणजे एकेकाळचे भाजीपाल्याचे मळे. १८४१ साली इथे साडेसहा हजार माणसं राहत होती. रेल्वे आली, १८६३ साली क्लॅपहॅम जंक्शन सुरू झालं. १८६१ ला साडेएकोणीस हजार असलेली लोकसंख्या १८८१ ला १ लाख ७ हजार झाली. वीस वर्षांत पाचपटीहून जास्त! शेजारचं कॅम्बरवेल १८६१ ला ७१ हजारांचं होतं, १८९१ ला ते २ लाख ३५ हजारांवर गेलं.

ही घरं बांधणारे बहुतेक छोटे ठेकेदार होते. जमीनमालकाकडून पट्टा भाड्याने घ्यायचा, कर्ज काढून दहा-वीस घरांची ओळ उभी करायची, विकायची, पुढच्या मळ्यात सरकायचं. रस्ता आणि गटार कसं असावं यावर नियम होते. सर्वात जवळचा बंब किती लांब आहे, हे विचारणारा नियम मात्र नव्हता.

अंतराचे पैसे दोनदा

आता थोडं गणित करू. बंब पोहोचायला लागणाऱ्या वेळेला आज ‘रिस्पॉन्स टाइम’ म्हणतात. शॉच्या काळात हा शब्द नव्हता, पण त्याचे सगळे तुकडे त्याला तोंडपाठ होते.

समजा, मध्यरात्री कॅम्बरवेलच्या नव्या गल्लीत पडद्याला मेणबत्ती लागली. घरात लाकडी जिना, लाकडी जमीन. आग कळवायची कशी? फोन नाही. कुणीतरी फायर स्टेशनकडे पळत सुटणार. स्टेशन एक मैलावर असेल तर धडधाकट माणसालाही १० मिनिटं. तिथून घोड्यांचा बंब ताशी १० मैलांनी निघाला तर परत यायला ६ मिनिटं. झाली १६. त्यात घोडे जुंपायचा वेळ धरलेला नाही. पण स्टेशन अर्ध्या मैलावर असतं तर? पळत ५, बंबाने ३. फक्त ८ मिनिटं.

म्हणजे अंतराची किंमत दोनदा मोजावी लागत होती. एकदा पळणाऱ्या माणसाच्या पायांनी आणि एकदा घोड्यांच्या. लाकडी जिन्याच्या घरात ८ आणि १६ मिनिटांतला फरक म्हणजे वरच्या मजल्यावरची माणसं खाली उतरणं आणि न उतरणं यातला फरक.

मग करा की प्रत्येक अर्ध्या मैलावर स्टेशन! तेही गणित करून बघा. एका स्टेशनाने अर्ध्या मैलाच्या त्रिज्येचं वर्तुळ सांभाळायचं तर त्याच्या वाट्याला पाऊण चौरस मैलाहून थोडं जास्त क्षेत्र येतं. ११७ चौरस मैलांसाठी दीडशे स्टेशनं लागतील. शॉच्या अर्ध्या पेनीत दीडशे स्टेशनं स्वप्नातही बसत नव्हती.

या ठिकाणी दुसरा कुणी असता तर वर्षाला एक पत्र लिहून पैसे मागत बसला असता. पत्रं शॉनेही पुष्कळ लिहिली. त्याचे वार्षिक अहवाल आणि पार्लमेंटच्या समित्यांपुढच्या साक्षी वाचल्या तर तीच मागणी पुन्हा पुन्हा दिसते. पण सोबत त्याने या १६ मिनिटांचा एकेक तुकडा पकडून तो कापायला घेतला. मला विचाराल तर त्याची खरी हुशारी यात आहे, पितळी हेल्मेटात नाही.

पहिलं म्हणजे शिड्या. लंडनमध्ये आगीतून माणसं वाचवणारी एक धर्मादाय संस्था होती. तिच्याकडे चाकांवरच्या उंच शिड्या असायच्या. रात्री त्या रस्त्याच्या नाक्यांवर उभ्या करून ठेवायच्या आणि प्रत्येकीजवळ एक राखणदार. अर्ध्या मैलाच्या टप्प्यात एक शिडी असावी, हा त्या संस्थेचा हिशेब. १८६७ साली शॉने ही सगळी व्यवस्था, ८५ शिड्यांसकट, आपल्या दलात घेतली. बंब मागून येईल, पण माणूस खाली उतरवायला शिडी आधी पोहोचली पाहिजे. स्टेशन परवडत नाही ना, मग शिडी आणि एक माणूस तरी ठेवा. पुढे त्याने याच धर्तीवर नाक्यानाक्यावर छोट्या चौक्या केल्या. एक टपरी, हातगाडीवर गुंडाळलेला होज आणि रात्रपाळीचा बंबवाला. नव्या वस्त्यांना कितीतरी वर्षं खरा आधार होता तो या टपऱ्यांचा.

दुसरं, तार. स्टेशनं एकमेकांना टेलिग्राफने जोडली. आग मोठी आहे, अजून बंब पाठवा, हा निरोप द्यायला आता घोडेस्वार लागत नव्हता. स्टेशनं कमी असली तरी ती एकमेकांच्या मदतीला पटकन धावू लागली.

तिसरं, निघायला लागणारा वेळ. शॉ भरती करायचा ती फक्त खलाशांची. जहाजावरच्या माणसाला रात्री-बेरात्री पहाऱ्याची सवय असते, उंचीची भीती नसते आणि हुकूम कळतो, असं त्याचं म्हणणं. ही माणसं बायकामुलांसह स्टेशनातच राहायची आणि जवळजवळ चोवीस तास ड्युटीवर असायची. सुट्टी अगदी नावाला. (त्या बायकांचे काय हाल होत असतील, याची नोंद कुठल्या अहवालात नाही.) बंबाचे घोडे टिलिंग नावाच्या पेकहॅममधल्या बसवाल्याकडून भाड्याने घेतलेले. वाफेचे बंबही याच काळात आले. १८६३ साली क्रिस्टल पॅलेसला वाफेच्या बंबांची मोठी स्पर्धा झाली, तिच्या आयोजनात शॉ होताच. हाताने दांडा मारणारी पन्नास माणसं गोळा करत बसायची गरज संपली.

आणि चौथा तुकडा, सगळ्यात कापरा. १८८० पासून लंडनच्या रस्त्यांवर लाल खांब दिसू लागले. काच फोडायची, आतली मूठ ओढायची, तारेवरून जवळच्या स्टेशनात घंटा वाजणार. झालं! पळत जायची १० मिनिटं एका फटक्यात गेली. अंतराची किंमत आता एकदाच. स्टेशनची संख्या तीच, पण दूरच्या वस्तीला ते अचानक निम्म्याने जवळ आलं. अर्थात, टवाळ पोरं आणि दारुडे याच खांबांची काच फोडून पळू लागले आणि खोट्या वर्दी ही नवीनच डोकेदुखी झाली.

बंब आला, पाणी कुठाय?

एवढं करूनही एक तुकडा शॉच्या हातात कधीच आला नाही. पाणी.

लंडनला पाणी पुरवत होत्या आठ खासगी कंपन्या. बऱ्याच भागांत नळाला पाणी दिवसातून ठरावीक वेळच यायचं. बंब आला की आधी त्या कंपनीच्या चावीवाल्याला शोधायचं. आपल्याकडे गल्लीत पाणी सोडायला चावीवाला येतो ना, तोच प्रकार. तो येऊन मुख्य वाहिनीची चावी फिरवणार, मग दाब येणार, मग बंब चालणार. बंब ६ मिनिटांत पोहोचला आणि चावीवाला २० मिनिटांनी आला, तर त्या ६ मिनिटांना काय अर्थ?

नव्या वस्त्यांमध्ये दुखणं जास्त. पाण्याची वाहिनी घरांना पुरेल एवढ्याच जाडीची टाकलेली असायची. १८७१ साली कायदा होऊन कंपन्यांना चोवीस तास पाणी आणि हायड्रंट यासाठी भाग पाडायची सोय झाली, पण काम रखडत चाललं. या आठही कंपन्या एका सार्वजनिक मंडळाकडे यायला १९०२ चा कायदा यावा लागला. तोवर शॉ निवृत्त होऊन दशक उलटलं होतं.

तरी आकडे त्याच्या बाजूने बोलतात. शॉ प्रत्येक आगीची ‘किरकोळ’ की ‘गंभीर’ अशी नोंद ठेवायचा. १८६६ साली दर चार आगींतली एक गंभीर होती. त्याच्या शेवटच्या वर्षांत दहांतली एकही धड भरत नव्हती. आगींची एकूण संख्या वाढतच होती, कारण घरं वाढत होती. पण किरकोळ आग किरकोळ असतानाच गाठायला दल शिकलं होतं. तोवर स्टेशनं पन्नासच्या वर गेली होती आणि माणसं सहाशेच्या घरात. दुसऱ्या बाजूला लंडनची लोकसंख्या १८६१ च्या २८ लाखांवरून १८९१ ला ४२ लाखांवर गेली होती.

बाकी आयुष्यात चढउतार होतेच. १८७० च्या दशकात पार्लमेंटच्या समितीने दल पोलिसांकडे द्यावं असं पुन्हा सुचवलं, ते बारगळलं. १८७६ साली त्याने थिएटरमधल्या आगींवर पुस्तक लिहिलं. १८८७ साली एक्झिटरच्या थिएटरला आग लागून १८६ माणसं गेली, तेव्हा सरकारने चौकशी अहवाल लिहायला त्यालाच पाठवलं. त्याआधीच्या वर्षी एका लॉर्डच्या घरच्या घटस्फोटाच्या खटल्यात त्याचं नाव गोवलं गेलं. पेपरवाल्यांची चंगळ झाली. ज्यूरीने आरोप मानले नाहीत, पण महिनाभर लंडनमध्ये दुसरा विषय नव्हता.

१८८९ साली बोर्ड गेलं आणि लोकांनी निवडून दिलेली लंडन काउंटी कौन्सिल आली. आता पैसे सैल सुटायची चिन्हं होती. पण नगरसेवकांना प्रत्येक कामात लक्ष घालायचं होतं आणि शॉला ३० वर्षं एकट्याने हुकूम द्यायची सवय. दोघांचं जमलं नाही. त्यात चूक एकट्या कौन्सिलची होती, असं म्हणणं कठीण आहे. १८९१ साली शॉने राजीनामा दिला. त्याच वर्षी राणीने त्याला ‘सर’ केलं.

ज्या स्टेशनांसाठी तो भांडला, त्यातली बरीचशी तो गेल्यावर झाली. कौन्सिलच्या वास्तुरचनाकारांनी शतक उलटताना उपनगरांमध्ये एकामागून एक स्टेशनं बांधली. वेस्ट हॅम्पस्टेडचं १९०१ चं, युस्टनचं १९०२ चं. वेस्ट हॅम्पस्टेडचं तर लांबून बघितलं तर एखादा बंगलाच वाटतो. आजही त्या इमारती बघायला लोक जातात.

या सगळ्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईत बंब सुरुवातीला पोलिसांच्या ताब्यात होता, म्हणजे लंडनने नको म्हटलेली सोय आपल्याकडे चालू होती. १८८७ साली अग्निशमन दल महापालिकेकडे आलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचा प्रमुख म्हणून आणला गेला तो लंडनच्या फायर ब्रिगेडमधलाच अधिकारी.

निवृत्तीनंतर शॉ एका विमा कंपनीचा संचालक झाला. ज्या धंद्याने १८६१ नंतर हे काम अंगावेगळं केलं, त्याच धंद्यात. २५ ऑगस्ट १९०८ रोजी फोकस्टन इथे तो वारला. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत त्याची कबर आहे. १९३५ साली थेम्सवरच्या नव्या अग्निशामक बोटीला ‘मॅसी शॉ’ नाव दिलं, आणि १९४० साली ही बोट डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडवून आणायला गेली होती.

आज लंडनच्या फायर ब्रिगेडचं उद्दिष्ट ठरलेलं आहे : पहिला बंब सरासरी ६ मिनिटांत, दुसरा ८ मिनिटांत. हा हिशेब संपूर्ण शहराच्या सरासरीचा असतो, एखाद्या गल्लीचा नसतो. जानेवारी २०१४ मध्ये खर्च कमी करायला शहरातली १० स्टेशनं एकाच दिवशी बंद केली, तेव्हा सरासरी तरीही उद्दिष्टाच्या आतच राहील, हाच मुद्दा मांडला गेला होता. त्या दहांत पूर्वेचं सिल्व्हरटाउन होतं, जिथे जुन्या गोद्यांच्या जागी नव्या घरांच्या योजना आखल्या जात होत्या. आणि साउथवर्कचंही होतं. १८७८ पासून शॉचं मुख्यालय ज्या आवारात होतं, तेच.